मँटिससाठी माश्यांची घरगुती पैदास: चिलटांपासून घरमाशीपर्यंत

मँटिस, म्हणजे आपला प्रार्थना कीटक, पाळायचा ठरला की आधी पिंजरा येतो, मग फांद्या, मग पाणी फवारायची बाटली. खाद्याचा विचार पिल्लं बाहेर पडल्यावर होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. आपल्याकडे झुडपांवर सहज दिसणाऱ्या हिरव्या, धिप्पाड हायरोड्यूलाच्या अंड्यांच्या एका गाठीतून, म्हणजे ऊथिकेतून, एकाच सकाळी शंभराच्या वर पिल्लं निघू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना हलणारं, जिवंत आणि झेपेल एवढंच भक्ष्य लागतं. चिलटांचं कल्चर, म्हणजे डब्यात केलेली पैदास, लावल्यापासून नवी माशी मिळायला मात्र दहा ते चौदा दिवस जातात. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी माश्या, मग मँटिस. ऊथिका हाती आल्याच्या दिवशीच पहिलं कल्चर लागलं पाहिजे.

खाद्य म्हणून माशीच का, याला कारणं आहेत. माशी उडते, वर चढते, पिंजऱ्याच्या छताशी घुटमळते, आणि मँटिस तिथेच उलटा लटकून बसलेला असतो. रातकिडा तळाशी लपतो आणि मँटिस कात टाकत असताना त्याचं मऊ अंग कुरतडूही शकतो. माशी चावत नाही. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळणारा व्हायोलिन मँटिस, गाँगिलस गाँगिलॉइड्स, तर मुख्यतः उडत्या भक्ष्यावरच जगतो. तो पाळायचा तर माश्यांची पैदास जमलीच पाहिजे.

कोणत्या पिल्लाला कोणती माशी

ढोबळ नियम असा, की माशीची लांबी पिल्लाच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नको. फुलमँटिसची (क्रिओब्रोटर) नवी पिल्लं जेमतेम चार-पाच मिलिमीटरची असतात; त्यांना दोन-अडीच मिलिमीटरची ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरच, म्हणजे पिकल्या फळावर येणारं साधं चिलट, चालते. हायरोड्यूलाची पिल्लं सुरुवातीपासूनच ती खातात आणि एक-दोनदा कात टाकल्यावर तीनेक मिलिमीटरची ड्रोसोफिला हायडाय घेऊ लागतात. तिसऱ्या-चौथ्या कातीनंतर घरमाशी, आणि त्यापुढे हिरव्या-निळ्या चकचकीत मोठ्या माश्या किंवा ओल्या कचऱ्यात वाढणारी ब्लॅक सोल्जर फ्लाय. क्रिओब्रोटर आणि व्हायोलिन मँटिस आयुष्यभर माश्यांवर राहू शकतात. हायरोड्यूलाच्या पूर्ण वाढलेल्या मादीला मात्र घरमाश्या पुरत नाहीत, तिला नाकतोड्यांसारखं मोठं भक्ष्यही द्यावं लागतं.

चिलटांचं बीज

युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना न उडणाऱ्या ड्रोसोफिलाचा तयार डबा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. आपल्याकडे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे जनुकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी माश्या ठेवणारी महाविद्यालयं आणि प्रयोगशाळा. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाचं स्टॉक सेंटरच आहे. ओळखीतून किंवा रीतसर विनंती करून आखूड पंखांची, म्हणजे ‘व्हेस्टिजिअल’ जातीची, एक कुपी मिळाली तर पुढचं सगळं सोपं होतं, कारण या माश्या चालतात, उड्या मारतात, पण उडत नाहीत.

दुसरी वाट म्हणजे घरातली चिलटं पकडणं. एका बरणीत अतिपिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवायचा, तोंडावर कागदाचं नरसाळं बसवायचं, खालचं भोक चार-पाच मिलिमीटरचं. बरणी खिडकीत, पण उन्हात नाही. आंब्या-फणसाच्या दिवसांत रात्रीतून पंधरा-वीस माश्या सापडतात, एरवी दोन दिवस लागतात. फळ धुऊन, साल काढून वापरायचं, कारण सालीवरच्या कीटकनाशकाचा अंश चिलटांनाही मारतो आणि चिलटं खाणाऱ्यालाही. बरणीत काय सापडलं ते भिंगातून बघून घ्या. लालसर डोळ्यांची, पिवळट-तपकिरी, सावकाश फिरणारी ती ड्रोसोफिला. पाठीला कुबड असलेली, झटक्याझटक्याने पळत सुटणारी ती फोरिड माशी. ती कल्चरमध्ये शिरली की माध्यम, म्हणजे डब्यातलं अळ्यांचं खाद्य, सडवते, तिला आत घेऊ नका. आंब्याचे बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती बॅक्ट्रोसेरा वेगळीच, घरमाशीएवढी असते आणि ताज्या फळात अंडी घालते. या कामाला ती उपयोगाची नाही.

उडणारी आणि आखूड पंखांची चिलटं एकाच खोलीत उघडी करायची नाहीत. आखूड पंखांचा गुण अप्रभावी आहे, म्हणजे पूर्ण पंखांच्या गुणापुढे तो झाकला जातो. बाहेरचा एक पंखवाला नर आत गेला आणि न जुळलेल्या माद्यांशी त्याचा संग झाला, की त्यांची सगळी प्रजा उडणारी निघते. डब्यात एक जरी उडती माशी दिसली तरी तो डबा लगेच खाऊ घालून संपवायचा; त्यातून पुढचं बीज घ्यायचं नाही.

रवा-गुळाचं माध्यम

थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली कोलंबिया विद्यापीठात पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, तेव्हापासून ही माशी जगभरच्या प्रयोगशाळांत सांभाळली जाते. त्यामुळे तिच्या खाण्याच्या कृती शतकभर घोटून पक्क्या झालेल्या आहेत. भारतातल्या प्रयोगशाळांत रवा, गूळ आणि अगार यांची कृती चालते, आणि घरासाठी तीच सगळ्यांत सोयीची आहे. पाच डब्यांसाठी माप असं:

पाणी ५०० मिली
बारीक रवा ५० ग्रॅम
गूळ ५० ग्रॅम
अगार ५ ग्रॅम (किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतं तेच)
प्रोपिऑनिक आम्ल साडेतीन मिली, किंवा पांढरं व्हिनेगर २५ मिली
दालचिनीची पूड अर्धा चमचा
ब्रेडसाठी वापरतात ते कोरडं यीस्ट

चायना ग्रासच्या पट्ट्या बारीक कापून अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, मग त्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायच्या. गूळ किसून घालायचा. रवा थोड्या गार पाण्यात कालवून, धार धरून, ढवळत ओतायचा म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, पिठल्याइतकं दाट होईपर्यंत शिजवायचं. गॅस बंद केल्यावर दालचिनी. आम्ल किंवा व्हिनेगर लगेच घालायचं नाही, वाफेबरोबर निघून जातं. मिश्रण साठेक अंशांवर आलं, म्हणजे भांड्याला हात लागतो पण टिकत नाही अशा बेताला, ते घालून नीट ढवळायचं. प्रोपिऑनिक आम्ल वापरणार असाल तर हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. ते कातडीला भाजतं आणि त्याचा वास घशात बसतो. बुरशी रोखण्यात ते व्हिनेगरपेक्षा कितीतरी सरस आहे, आणि पावसाळ्यात कोकणात-मुंबईत व्हिनेगरवर भागत नाही, हेही खरं.

अर्ध्या लिटरचे पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे घ्यायचे, हॉटेलातून पार्सल येतं तसे. ते गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, प्रत्येकात दोन सेंटिमीटर थर ओतायचा. थर याहून पातळ झाला तर अळ्या वाढायच्या आत तो वाळून जातो. थर पुरता घट्ट होण्याआधी त्यात कागदी अंडी-ट्रेची पट्टी किंवा घड्या घातलेला तपकिरी कागद उभा रोवायचा. माश्यांना बसायला आणि अळ्यांना कोष करायला जागा हवी. नुसत्या गुळगुळीत भिंतींच्या डब्यात निम्म्या माश्या माध्यमाला चिकटून मरतात. वरून स्वच्छ फडकं टाकून डबे रात्रभर गार होऊ द्यायचे. झाकणाला आतून थेंब साचले असतील तर पुसून घ्यायचे.

शेवटी यीस्टचे दहा-पंधरा दाणे पसरायचे, चिमूटभर नाही. अळ्या खरं तर या यीस्टवरच पोसतात, पण ते जास्त झालं तर कार्बन डायॉक्साइड तळाशी साचतो आणि लहान अळ्या गुदमरतात. माध्यम फुगून स्पंजासारखं वर आलं, तर यीस्ट जास्त झालं म्हणून समजायचं.

झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर विणीशिवायचं कापड, म्हणजे वापरून फेकायच्या मास्कचं असतं ते, गरम गोंदाने चिकटवायचं. किंवा झाकणाऐवजी दुहेरी किचन टिश्यू आणि रबरबँड. मच्छरदाणीची जाळी इथे चालत नाही. चिलटं त्यातून सहज निसटतात.

कल्चर लावणं आणि सांभाळणं

एका डब्यात पन्नास-साठ माश्या सोडायच्या. वीसच सोडल्या तर अळ्या कमी पडतात आणि त्यांनी न ढवळलेल्या माध्यमावर बुरशी आधी पसरते. बुरशी मागे ठेवायला अळ्यांची वर्दळ जितकी कामाला येते तितकं कुठलंही औषध येत नाही. माश्या जुन्या डब्याच्या, पण तरुण आणि जोमदार असाव्यात. महिनाभर जुन्या, फिकट पडलेल्या माश्यांचं बीज घेऊ नये.

डब्यावर तारीख आणि जात लिहून ठेवा. २५ अंशांवर मेलानोगॅस्टरचं चक्र साधारण दहा दिवसांचं आहे: एका दिवसात अंडं फुटतं, चार-पाच दिवस अळी, तेवढेच दिवस कोष. पाचव्या-सहाव्या दिवशी अळ्या भिंतीवर चढून तपकिरी कोष करू लागल्या, की गाडी रुळावर आहे. अकराव्या ते चौदाव्या दिवसाला पहिली मोठी लाट निघते, पुढे आठवड्या-दहा दिवसांनी दुसरी, लहान. त्यानंतर त्या डब्याचा मोह सोडायचा. चार आठवड्यांहून जुना डबा म्हणजे माइटचं, कोळ्याच्या कुळातल्या अतिबारीक किड्यांचं, घर. हायडायचं चक्र याच तापमानाला अडीच-तीन आठवडे घेतं, त्यामुळे तिचे डबे आधीपासून लावून ठेवावे लागतात.

तापमान हा महाराष्ट्रातला खरा अडसर आहे. ३० अंशांच्या आसपास नर वंध्य व्हायला लागतात. डब्यात माश्या भरपूर दिसतात, अंडीही दिसतात, पण अळ्या होत नाहीत. नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये ‘कल्चर अचानक बसलं’ याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. व्हेस्टिजिअल माश्यांची आणखी एक अडचण म्हणजे कडक उष्म्यात वाढलेल्या अळ्यांना थोडेफार पंख फुटतात. उन्हाळ्यात डबे थर्मोकोलच्या खोक्यात, सोबत गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, असे ठेवायचे आणि बाटली सकाळ-संध्याकाळ बदलायची. कोरड्या हवेच्या भागात ओल्या वाळूच्या परातीवर मातीचा माठ ठेवून त्यात डबे ठेवले तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो. कोकणच्या दमट हवेत हा उपाय चालत नाही. थंडीत नाशिकला किंवा पुण्यात खोली अठरा अंशांवर आली की चक्र लांबून एकोणीस-वीस दिवसांवर जातं. ते बिघडलेलं नसतं, फक्त संथ झालेलं असतं. फ्रिजच्या मागच्या कोमट कोपऱ्यात डबे ठेवले तरी भागतं.

मुंग्यांसाठी परातीत साबणाचं पाणी घालून, मधे उपड्या वाटीवर डबे ठेवायचे. डब्यातून कागद किंवा कापडाचं टोक परातीच्या काठाला टेकलं, तर तोच मुंग्यांचा पूल होतो. माइट यायच्या त्या जुन्या डब्यातून येतात. कोषांवर पांढरट, हलणारी पूड दिसली की तो डबा बंद पिशवीत घालून थेट बाहेर काढायचा आणि त्याच्या शेजारच्या डब्यांतून बीज घ्यायचं नाही.

डासांचं लिक्विड मशीन, अगरबत्ती, कॉइल, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू: यांतलं काहीही माश्यांच्या किंवा मँटिसच्या खोलीत नको. ही कीटकनाशकं डासाला मारतात तशीच माशीला आणि मँटिसलाही मारतात. शेजारच्या खोलीतलं मशीनही रात्रभर चालू राहिलं आणि दार उघडं असलं, तर सकाळी डब्यात तळाला मेलेल्या माश्यांचा थर दिसतो. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा धूरफवारणी असेल त्या दिवशी डबे आणि पिंजरे बंद खोलीत हलवून दाराच्या फटीत ओलं फडकं लावायचं.

किती डबे लागतात

तीस लहान पिल्लं आणि प्रत्येकी रोज चार-पाच चिलटं धरली तर दिवसाला एकशेवीस ते दीडशे माश्या होतात. चांगला लागलेला डबा काहीशे माश्या देतो, पण त्या आठवडाभरात विखरून. म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वारी दोन नवे डबे लावायचे, आणि कोणत्याही वेळी दोन नुकते लावलेले, दोन अळ्यांचे आणि दोन निघत्या माश्यांचे असे सहा डबे हाताशी ठेवायचे. एकाच दिवशी सहा डबे लावले तर दहा दिवसांनी माश्यांचा पूर आणि त्यानंतर दुष्काळ पडतो. नव्या डब्याचं बीज पहिल्या लाटेतूनच काढून ठेवा आणि मगच पिल्लांना घाला. भुकेली पिल्लं पाहून बीजही खाऊ घालायचा मोह होतो, आणि मग पुढचे दोन आठवडे कोरडे जातात.

घरमाशी

घरमाशीची पैदास चिलटांपेक्षा सोपी आहे, पण ती बाल्कनीतच करायची आणि झाकणात ढिलाई चालत नाही. बाहेरून पकडलेली माशी थेट मँटिसला देऊ नये. ती कुठल्या कचऱ्यावरून आणि कुठल्या फवारणीतून आली हे कळत नाही. पकडलेल्या माश्यांकडून फक्त अंडी घ्यायची आणि स्वच्छ कोंड्यावर वाढलेली पुढची पिढी वापरायची.

साधारण ३० सेंटिमीटरचा चौकोनी जाळीचा पिंजरा लागतो. इथे मच्छरदाणीची जाळी चालते. एका बाजूला हात घालायला कापडी बाही शिवून घ्या, जुन्या टी-शर्टची बाही उत्तम. आत कोरडी साखर आणि दूध पावडर समप्रमाणात मिसळून वाटीत, आणि पाणी ओल्या स्पंजात. उघड्या वाटीत पाणी ठेवलं तर माश्या बुडतात. दूध पावडर वगळायची नाही, कारण प्रथिनांशिवाय मादीत अंडी तयार होत नाहीत. २८-३० अंशांवर कोषातून निघाल्यानंतर चार ते सहा दिवसांत अंडी घालणं सुरू होतं.

अंड्यांसाठी एका लहान डब्यात ओलसर कोंडा, त्यावर दुधात भिजवलेला कापसाचा बोळा. संध्याकाळी ठेवायचा, सकाळी काढायचा. बोळ्याच्या खालच्या बाजूला, सांदीत, तांदळाच्या कणीहून बारीक, पांढऱ्या, लांबट अंड्यांचे गुच्छ दिसतात. एका गुच्छात शंभर ते दीडशे. बोळा दिवसभर आत राहू दिला तर अंडी तिथेच फुटतात आणि अळ्या मोजणं हाताबाहेर जातं.

अळ्यांचं खाद्य: गव्हाचा कोंडा २०० ग्रॅम, पाणी ३०० मिली, दूध पावडर दोन मोठे चमचे, यीस्ट एक छोटा चमचा. कोंडा मुठीत दाबला तर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर सुका कोंडा मिसळायचा. दोन-तीन लिटरच्या डब्यात पाच-सहा सेंटिमीटर थर द्यायचा आणि अंड्यांचे तीन-चार गुच्छ वरून अलगद ठेवून कोंड्याने नुसते झाकायचे. थर याहून जाड नको. कोंडा आंबताना आतून तापतो. जाड थर इतका गरम होतो की अळ्या वर येऊन झाकणाकडे पळतात.

खाद्य चांगलं असेल तर आंबूस, ताडीसारखा वास येतो. डोळ्यांत झोंबणारा अमोनिया आला तर तीन शक्यता आहेत: पाणी जास्त, दूध जास्त, किंवा अळ्या कमी. सुका कोंडा मिसळून, ढवळून, जाळीचं झाकण लावलं की दिवसभरात वास सुधारतो. अळ्या फारच कमी असतील तर निम्मं खाद्य काढून टाकणं बरं.

पाच-सहा दिवसांत अळ्या पिवळट, जाड होतात आणि ओल सोडून सुक्या जागेकडे सरकतात. त्या वेळी वरून दोन बोटं जाडीचा कोरडा लाकडी भुसा पसरायचा. त्यातच कोष होतात. कोष आधी पिवळट, मग विटकरी, मग गडद तपकिरी. विटकरी झाल्यावर सगळं पाण्याच्या बादलीत ओतायचं: कोष तरंगतात, ओला कोंडा बसतो. भुसाही तरंगतो, म्हणून वरचा भुसा आधी चाळणीने काढून घ्या. कोष गाळून, कागदावर सावलीत पसरून पूर्ण कोरडे करायचे. ओले कोष डब्यात भरले की बुरशी धरते.

कोरडे कोष फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, भोकं पाडलेल्या आणि नाव लिहिलेल्या डबीत ठेवले तर आठवडाभर थांबतात. त्यापुढे ठेवले तर निघणाऱ्या माश्यांचं प्रमाण घसरतं. रोज लागतील तेवढे, वीस-पंचवीस, बाहेर काढायचे. गडद झालेले कोष एक-दोन दिवसांत फुटतात. घरातल्या बाकीच्यांना त्या डबीची कल्पना देऊन ठेवा.

हिरव्या-निळ्या मोठ्या माश्यांच्या अळ्या मांसावर वाढतात आणि तो वास इमारतीत लपत नाही. परदेशात मासेमारीच्या दुकानात त्यांच्या अळ्या विकत मिळतात आणि पाळणारे त्या कोषापासून पुढे सांभाळतात; तिथे तोच शहाणपणाचा मार्ग. इथे मोठी माशी हवी असेल तर ब्लॅक सोल्जर फ्लाय बरी. ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांकडे तिच्या अळ्या असतात. खाणं थांबवून काळपट झालेल्या अळ्या मागून आणायच्या, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये झाकून ठेवायच्या. उबेत साधारण दोन आठवड्यांत माश्या निघू लागतात. प्रौढ माशीला खाणं लागत नाही, पाणी फवारलं की पुरतं. ती दीड-दोन सेंटिमीटरची असते, तेव्हा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण वाढलेल्या मँटिसलाच द्यावी.

माशीला आधी खाऊ घाला

कोषातून नुकती निघालेली माशी म्हणजे बहुतेक रिकामं पोट. तिला मँटिसला देण्याआधी एक दिवस पाण्यात कालवलेला मध, थोडी दूध पावडर आणि मिळाले तर मधमाश्यांनी गोळा केलेले परागकण द्यायचे. मध पसरट ताटलीत ओतू नका, कापसाला लावा. चिकटलेल्या पंखांची माशी मँटिसच्या काही कामाची नाही. एवढ्या एका दिवसाने मँटिसच्या वाढीत फरक दिसतो, आणि माश्यांवरच जगणाऱ्या जातींना तर हे टाळून चालत नाही.

माश्या पिंजऱ्यात घालण्यासाठी पिंजऱ्याच्या बाजूला दीड सेंटिमीटरचं भोक आणि त्यात स्पंजाचा बोळा असावा. आखूड पंखांच्या चिलटांचा डबा हलकेच आपटला की त्या खाली पडतात. लगेच नरसाळ्यातून ओतायच्या. उडत्या माश्यांची बरणी फ्रिजमध्ये चार-पाच मिनिटं ठेवली की त्या सुस्त होतात. फ्रीझरमध्ये नको, तिथे जरा वेळ जास्त झाला तर मरतात आणि मेलेल्या माशीकडे मँटिस बघतही नाही. घाई नसेल तर थंड करायचीही गरज नाही: माश्या उजेडाकडे जातात, तेव्हा बरणीवर काळं फडकं गुंडाळून तिचं तोंड पिंजऱ्याच्या भोकाला लावायचं आणि पिंजरा खिडकीकडे ठेवायचा.

लहान पिल्लांना एका वेळी चार-पाच चिलटं पुरतात. पन्नास एकदम सोडली तर ती पिल्लांच्या अंगावर, डोळ्यांवर चढतात आणि पिल्लू शिकार सोडून पळत राहतं. मध्यम वाढीच्या मँटिसला दिवसाआड दोन-तीन घरमाश्या द्या, आणि पोटाकडे बघून ठरवा. पोट चपटं, लांबट दिसलं तर भूक आहे; फुगून गोल झालं असेल तर एक दिवस थांबा.

मँटिसने अचानक खाणं सोडलं, छताला उलटा लटकून हालचाल बंद केली, किंवा मोठ्या पिल्लाच्या पाठीवरच्या पंखकळ्या फुगल्या, तर कात टाकायची वेळ आली आहे. त्या वेळी पिंजऱ्यातली प्रत्येक माशी बाहेर काढायची, एकही ठेवायची नाही. कात टाकताना घरमाशी धडकली किंवा पायावर बसली की मँटिस निसटून खाली पडतो आणि वाकड्या पायांनी किंवा चुरगळलेल्या पंखांनी वाळतो. कात टाकल्यावरही चोवीस तास, मोठा असेल तर दोन दिवस, खाणं द्यायचं नाही. पुढचे पाय कडक होईपर्यंत त्याला माशी पकडता येत नाही. या काळात फक्त पिंजऱ्याच्या भिंतीवर बारीक फवारा.

कात टाकायची चिन्हं नाहीत आणि तरी मँटिस माशीकडे लक्ष देत नाही, तर आधी तापमान बघा. बावीस अंशांखाली बरेच मँटिस मंदावतात, आणि व्हायोलिन मँटिसला तर तिशीच्या पुढची ऊब लागते. पिंजरा अंधारात असेल तर उजेडात आणा. माश्याही उजेडातच हलतात आणि मँटिसला हालचाल दिसल्याशिवाय भक्ष्य कळत नाही. तरीही नाही, तर माशी चिमट्यात धरून, पंख फडफडत असताना, त्याच्या तोंडाला अलगद लावायची. एकदा चव लागली की तो बहुधा ती पायात पकडतो.

संपलेला डबा उघडून कचऱ्यात टाकू नका. झाकणासकट चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवायचा किंवा उकळतं पाणी ओतायचं, मग माध्यम कुंडीतल्या मातीत पुरायचं आणि डबा गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून पुढच्या आठवड्याला परत घ्यायचा.